जुन्या काचेचा नाद लागलाय? कपाट भरण्याआधी क्लब शोधा

माझ्याकडे एक प्लेट आहे. मधाच्या रंगाची, पूर्ण गोल नाही, कोपरे दाबलेल्या चौकोनासारखी, आणि सगळीकडे वळणावळणाची वेलबुट्टी. विकणाऱ्याने सांगितलं १९३० च्या दशकातली आहे, फेडरल ग्लास कंपनीचा मॅड्रिड पॅटर्न, आणि मी लगेच घेतली कारण पॅटर्न बरोबर होता, रंग बरोबर होता, कंपनीसुद्धा बरोबर होती. तीन-चार महिने मी ती ज्याला त्याला कौतुकाने दाखवत होते. मग एका क्लबच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये कॅमेऱ्यासमोर धरली तर तिकडच्या एक वयस्कर बाई म्हणाल्या, दिवा वरून नको, बाजूने धरा, आणि नक्षीवरून बोट फिरवा. फिरवलं. वेलबुट्टीच्या वळणात, मुद्दाम लपवल्यासारखे, दोन बारीक आकडे. ७६.

झालं होतं असं की फेडरलने मॅड्रिड पॅटर्न १९३२ ते १९३९ मध्ये काढला होता, आणि मग १९७६ ला, अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०० वर्षं झाली तेव्हा, तोच पॅटर्न 'रिकलेक्शन' नावाने परत काढला. जुन्याशी घोळ होऊ नये म्हणून प्रत्येक पीसवर ७६ उठवला. इथपर्यंत व्यवहार एकदम सरळ. पण पुढे फेडरल बंद पडली, साचे इंडियाना ग्लासकडे गेले आणि त्यांनी ७६ काढून टाकून निळ्या, गुलाबी वगैरे रंगात माल काढला. म्हणजे ७६ दिसला तर नवा हे नक्की, पण ७६ नाही म्हणून जुना असं म्हणता येत नाही! आता हे ज्यांना माहीत आहे त्यांना चाळीस वर्षांपासून माहीत आहे, त्यांच्या वार्तापत्रात छापून पण आलंय, आणि मी मात्र विक्रीची पानं चाळत बसले होते.

म्हणून हे लिहितेय. जुनी काच ओळखायला डोळा लागतो वगैरे खरं आहे, पण तो डोळा एकट्याने तयार व्हायला दहा वर्षं जातात आणि तेवढ्यात कपाट चुकीच्या वस्तूंनी भरतं. ज्यांनी ती दहा वर्षं आधीच घालवलीत ते लोक क्लबात सापडतात.

पहिली गोष्ट, कुठला क्लब. इथेच बरेच जण चुकतात, 'काचेचा क्लब' असं सर्च करतात आणि जे पहिलं येईल तिथे पैसे भरतात. आधी स्वतःच्या कपाटाकडे बघा. तुम्हाला नेमकं काय आवडतं, एका कंपनीचा माल, एका प्रकारची काच, की सगळंच? कारण क्लबही तसेच आहेत.

एका कंपनीला वाहिलेले क्लब हे माझ्या मते सगळ्यात भारी. अमेरिकेत ओहायो आणि वेस्ट व्हर्जिनिया या पट्ट्यात नैसर्गिक गॅस मुबलक होता, भट्ट्या त्यावर चालायच्या, म्हणून तिथे गावागावात काचेचे कारखाने उभे राहिले आणि कारखाने बंद पडल्यावर त्यांच्या नावाचे क्लब उरले. हायसी कलेक्टर्स ऑफ अमेरिका, नॅशनल केंब्रिज कलेक्टर्स, फॉस्टोरिया ग्लास सोसायटी, फेंटनचे, इम्पीरियलचे, टिफिनचे. यातल्या बऱ्याच जणांचं स्वतःचं म्युझियम आहे, हायसीचं न्यूअर्क, ओहायोला, केंब्रिजचं केंब्रिज गावातच, फॉस्टोरियाचं मौंड्सव्हिलला.

हायसीवाल्यांची गोष्ट तर सांगायलाच पाहिजे कारण त्यातून क्लब म्हणजे काय ते कळतं. कारखाना १८९६ ला सुरू झाला, १९५७ ला बंद. साचे इम्पीरियलने विकत घेतले आणि त्याच साच्यातून माल काढत राहिले, काही पीसवर तर हायसीचा ठसा, म्हणजे पत्त्यातल्या चौकटच्या आकारात एच अक्षर, तसाच राहिला. मग १९८० च्या दशकात इम्पीरियलचंही दिवाळं वाजलं, आता साचे कुणाच्या हातात जातील आणि कोण काय ओतेल याचा नेम नाही, तर या क्लबने पैसे उभे करून जवळपास सगळे हायसी साचे स्वतः विकत घेतले. संग्राहकांनी लोखंडाचे ढीगच्या ढीग साचे विकत घेतले, नुसते उगाच कुणी नकला काढू नयेत म्हणून. (आमच्या घरी मी चार पेले आणले तरी चर्चा होते.)

दुसरा प्रकार म्हणजे काचेच्या जातीवरून. डिप्रेशन ग्लास, म्हणजे मंदीच्या काळातली ती मशीनवर दाबलेली स्वस्त गुलाबी-हिरवी-पिवळी भांडी जी तेव्हा धान्याच्या डब्यात आणि सिनेमाच्या तिकिटावर फुकट मिळायची, त्यासाठी नॅशनल डिप्रेशन ग्लास असोसिएशन, १९७४ पासून. कट ग्लाससाठी अमेरिकन कट ग्लास असोसिएशन. १९व्या शतकातल्या दाबीव काचेसाठी अर्ली अमेरिकन पॅटर्न ग्लास सोसायटी. युरेनियम घालून बनवलेल्या पिवळट-हिरव्या काचेसाठी व्हॅसलीन ग्लास कलेक्टर्स, बाटल्यांसाठी फेडरेशन ऑफ हिस्टॉरिकल बॉटल कलेक्टर्स. पेपरवेटवाल्यांची पेपरवेट कलेक्टर्स असोसिएशन १९५३ पासून आहे आणि ती मंडळी वेगळ्याच लेव्हलची आहेत, बाकारा कंपनीच्या जुन्या पेपरवेटमध्ये रंगीत कांड्यांचे जे बारीक काप असतात त्यातल्या एखाद्यावर बी अक्षर आणि १८४८ सारखं साल असतं, ते तांदळाच्या दाण्याएवढं साल शोधण्यात यांचे तासन्‌तास जातात.

कार्निव्हल काचेचे क्लब तर विचारूच नका, अमेरिकेत दोन मोठे आणि बाकी प्रांताप्रांताचे, ब्रिटनमध्ये एक, ऑस्ट्रेलियात पण. पाण्यावर तेल सांडल्यावर जशी चमक दिसते ना तशी चमक असलेली ही काच, फेंटनने १९०७-०८ च्या सुमारास काढली, 'कार्निव्हल' हे नाव खूप नंतर पडलं. या लोकांचं मला कौतुक यासाठी वाटतं की ते फक्त अमेरिकेच्या मालावर थांबले नाहीत. तळाला जैन असं नाव उठवलेल्या फुलदाण्या निघाल्या तर त्यांचा माग काढत ते थेट फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्सपर्यंत पोचले. हे काम कुठल्या विद्यापीठाने केलं नाही, हौशी लोकांनी केलंय.

आणि तिसरा प्रकार, सगळ्या काचेचा. ब्रिटनमध्ये ग्लास सर्कल होतं १९३७ पासूनचं, आणि ग्लास असोसिएशन १९८३ पासूनची, आता दोघं मिळून द ग्लास सोसायटी झालीय. इथे सोळाव्या-सतराव्या शतकापासून ते परवाच्या स्टुडिओ ग्लासपर्यंत सगळं चालतं, भाषणं चांगली असतात, पण तुमच्याकडे एकच गुलाबी बशी असेल तर थोडं बावरल्यासारखं होतं. मला झालं होतं.

पैसे भरण्याआधी काय बघायचं ते सांगते. एक म्हणजे क्लब जिवंत आहे का. साइटवर शेवटची बातमी कधीची आहे बघा, तीन वर्षांपूर्वीच्या संमेलनाचं पोस्टर अजून लटकत असेल तर आधी ईमेल टाकून बघा, उत्तर येतंय का. बरेच क्लब आता म्हातारे झालेत, सभासद कमी होतायत, काही गुंडाळले गेले, काही दुसऱ्यात मिसळले, त्यामुळे हे बघायलाच लागतं. दुसरं, जुने अंक मिळतात का. हा माझ्यासाठी सगळ्यात मोठा मुद्दा आहे, कारण नवीन अंकात बरंचसं 'आमची सहल छान झाली' असतं, खरा माल जुन्या अंकात असतो, आणि पुष्कळ क्लबांनी ते स्कॅन करून फक्त सभासदांसाठी ठेवलेत. नमुना अंक मागा, लाजू नका, बहुतेक देतात. तिसरं, ऑनलाइन सभासदत्व वेगळं आणि स्वस्त असतं का, छापील अंक पोस्टाने लांबवर मागवण्यात काही अर्थ नाही. आणि मीटिंगची वेळ तुमच्या झोपेची असेल तर रेकॉर्डिंग ठेवतात का ते विचारा.

एक क्लब पुरे सुरुवातीला. मी हौसेहौसेने तीन घेतले आणि दोघांचे अंक वर्षभर न उघडता पडून होते.

आता आत गेल्यावर प्रश्न कसा विचारायचा. यावर जरा वेळ घालवते कारण नव्वद टक्के लोक इथेच माती खातात. टेबलक्लॉथवर ठेवलेल्या भांड्याचा एक तिरका फोटो टाकायचा, त्यात स्वतःचा मोबाइल आणि पंखा काचेत दिसतोय, आणि खाली लिहायचं 'हे काय आहे आणि किंमत किती'. याला कोण उत्तर देणार? किंमत तर पहिल्या मेसेजमध्ये विचारूच नका, बऱ्याच क्लबात तो नियमच आहे आणि नसला तरी लोकांना वाटतं की हा विकायलाच आलाय.

फोटो असे काढा. काच स्वच्छ धुऊन, पूर्ण कोरडी करून. मागे राखाडी किंवा फिकट कागद, खिडकीचा उजेड एका बाजूने, फ्लॅश बंद. पहिला फोटो अगदी समोरून, भांड्याच्या उंचीवर कॅमेरा ठेवून, म्हणजे आकाराची बाह्यरेषा सरळ दिसेल, कारण जुन्या कॅटलॉगात चित्रं तशीच असतात. दुसरा वरून. तिसरा तळाचा, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा, उलटं करून, जवळून, दिवा तिरका. तळाला मध्ये खरबरीत वण आहे का की तिथे घासून गुळगुळीत केलेली वाटी आहे? फुंकून केलेली काच लोखंडी दांड्यावर तळाशी चिकटवून धरतात, काम झाल्यावर तोडतात, तो तुटल्याचा वण राहतो, त्याला पाँटिल म्हणतात. साच्यातली असेल तर साच्याच्या जोडाच्या शिवणी दिसतील, त्या किती आहेत, दोन, तीन की चार, आणि काठापर्यंत जातायत की आधीच विरतायत तेही लिहा. चौथा फोटो नक्षीचा एक भाग अगदी जवळून. टवका किंवा तडा असेल तर त्याचाही, लपवू नका, ते लोक तसंही ओळखतात.

सोबत मापं. उंची, काठाचा व्यास, तळाचा व्यास, वजन. मिलिमीटरमध्ये मोजा आणि इंचातही लिहा कारण अमेरिकन कॅटलॉग इंचात आहेत. अर्ध्या इंचाच्या फरकावरून ओरिजिनल की नक्कल हे ठरल्याचं मी स्वतः पाहिलंय. आणि हे कुठून मिळालं, विकणारा काय म्हणाला, तुम्ही आधी काय शोधलं तेही दोन ओळीत. 'मी अमुक पॅटर्न समजते पण झाकणाची मूठ जुळत नाहीये' असं लिहिलं की बघा कशी मंडळी धावून येतात, कारण आता त्यांना कोडं मिळालं.

तळाची झीज हा एक वेगळाच विषय. खरं जुनं भांडं शंभर वर्षं टेबलावर सरकलेलं असतं, त्यामुळे ओरखडे सगळ्या दिशांना जातात, लांब-आखूड, खोल-उथळ, आणि फक्त तिथेच असतात जिथे तळ खरोखर टेकतो. मुद्दाम घासलेल्या भांड्याला ओरखडे बहुतेक एकाच दिशेने, एकसारखे, आणि कधीकधी जिथे टेकतच नाही तिथेही असतात. दहा पट दिसणारं भिंग घ्या आणि घरातल्या रोज वापरातल्या एखाद्या जुन्या काचेच्या बरणीचा तळ आधी बघून ठेवा. तो डोळ्यात बसला की खोटं पटकन खुपतं.

ठशांबद्दल थोडं, कारण नवीन माणूस ठशालाच देव मानतो. ठसा म्हणजे सुरुवात आहे, निकाल नाही. इम्पीरियलचंच बघा, १९५१ पासून ते आय आणि जी एकमेकांत गुंतवून उठवायचे, कंपनी लेनॉक्सने घेतल्यावर त्यात एल आला, १९८० च्या दशकात आणखी मालक बदलला तेव्हा पुढे ए आला, म्हणजे अक्षरं मोजली की मालक कळतो आणि मालक कळला की काळ. फेंटनचा लंबगोलातला ठसा १९७० नंतरचाच, आणि १९८० च्या दशकात त्यात बारीक ८ घातला, पुढच्या दशकात ९. म्हणजे फेंटनचा जुना, शंभर वर्षांपूर्वीचा कार्निव्हल बाउल असेल तर त्यावर हा ठसा असताच कामा नये! फ्रान्सच्या लालीकचं उलटं, काचकार रने लालीक १९४५ ला गेला, त्याच्या हयातीतल्या मालावर नावाआधी आर असतो, नंतर आर जातो, आता नावाआधी आर कोरणं हे खोटं काम करणाऱ्याला किती सोपं आहे ते तुम्हीच ठरवा. नॉर्थवुडचा वर्तुळातला अधोरेखित एन, सॉवरबीचा मोराच्या मुंडक्याचा ठसा जो १८७६ ला नोंदवला, असे आणखी बरेच आहेत, तुमच्या क्लबच्या साइटवर त्यांच्या कंपनीची ठशांची यादी असतेच. आणि कागदी लेबलं? ती सुटतात, आणि सुटलेली दुसऱ्या भांड्यावर चिकटतात.

ब्रिटिश काच असेल तर मात्र एक फार सुंदर सोय आहे. १८४२ ते १८८३ मध्ये डिझाइन नोंदवलं की पतंगाच्या आकाराची खूण साच्यात घालायचे. वर टोकाला छोट्या गोलात रोमन तीन असेल तर वर्ग काच, रोमन चार असेल तर ते मातीचं भांडं. आत चार कोपऱ्यात अक्षरं-आकडे. १८६७ पर्यंत वर वर्षाचं अक्षर, डावीकडे महिन्याचं, उजवीकडे तारीख, खाली पार्सल नंबर, म्हणजे त्या दिवशीच्या नोंदींतला क्रमांक. १८६८ पासून जागा बदलल्या, वर तारीख आली, वर्ष उजवीकडे, महिना खाली, पार्सल डावीकडे. मी पहिल्यांदा हे उलट वाचलं आणि एका बशीला उगाच वीस वर्षं म्हातारी केली. १८८४ पासून पतंग गेला आणि सरळ आर-डी असं लिहून क्रमांक यायला लागला, एक पासून चढत. या सगळ्याची मूळ रजिस्टरं आणि चित्रं लंडनजवळ क्यूला नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत, आणि त्यांच्या साइटवर ही नोंदणी कशी शोधायची याची गाइड फुकट आहे. फक्त लक्षात ठेवा, ती तारीख डिझाइन नोंदवल्याची. त्या साच्यातून पुढे वीस वर्षं माल निघाला असेल.

अमेरिकन मालाला डिझाइन पेटंट. गूगल पेटंट्सवर जुनी चित्रं दिसतात, तळाला 'पेटंट' आणि तारीख किंवा नंबर असेल तर तिथे टाका. कधीकधी तुमच्या हातातलाच पाण्याचा जग शंभर वर्षांपूर्वीच्या रेघांमध्ये समोर येतो, मला अजूनही ते बघून मजा वाटते.

कागदपत्रांची पंढरी म्हणजे कॉर्निंग. न्यूयॉर्क राज्यात, कॉर्निंग म्युझियम ऑफ ग्लास, १९५१ पासून, आणि त्याची राको रिसर्च लायब्ररी, जिथे काचेबद्दल जगात जे काही छापलं गेलं ते जमवायचा प्रयत्न चालतो, कारखान्यांचे कॅटलॉग, भावपत्रकं, डिझायनरांच्या वह्या. लायब्ररी सगळ्यांना खुली आहे, आणि जाणं शक्य नसेल तर लायब्ररियनला ऑनलाइन प्रश्न विचारता येतो. फक्त 'माझ्या भांड्याची किंमत सांगा' हे तिथेही नको, 'अमुक कंपनीचा १९२० च्या आसपासचा कॅटलॉग आहे का आणि त्यातलं पेल्यांचं पान मिळेल का' असं नेमकं विचारा. १९७२ च्या जूनमध्ये ॲग्नेस चक्रीवादळाने तिथली नदी फुगली आणि म्युझियममध्ये पाणी घुसलं, १३,००० वस्तूंपैकी ५२८ ना इजा झाली आणि लायब्ररीचं तर अर्ध्याहून जास्त भिजलं, ओली पुस्तकं सडू नयेत म्हणून गोठवून ठेवली आणि मग हळूहळू वाळवून दुरुस्त केली. म्हणून मी म्हणते, तुमच्याकडे कुठल्या बंद पडलेल्या कारखान्याचा जुना कॅटलॉग, बिल, अगदी खोक्यावरचं लेबल आलं तरी फेकू नका, स्कॅन करून क्लबला द्या, त्यांच्याकडे नेमकं तेच पान नसायचं.

फुकटात आणखी. इंटरनेट आर्काइव्हवर कंपन्यांचे स्कॅन केलेले कॅटलॉग मिळतात, कंपनीचं नाव आणि 'ग्लास कॅटलॉग' टाकून बघा. युरोपातली दाबीव काच असेल तर जर्मनमधलं प्रेसग्लास-कोरेस्पोंडेन्झ, हजारो पानं, भाषा येत नसली तरी चित्रं बघत जा, बोहेमियाच्या आणि फ्रान्सच्या कारखान्यांचे कॅटलॉग आहेत त्यात. बाटल्यांसाठी अमेरिकेच्या सोसायटी फॉर हिस्टॉरिकल आर्किऑलॉजीची बाटली ओळखण्याची साइट, यासारखं दुसरं काही मी पाहिलेलं नाही, 'शिवण काठापर्यंत गेली का' इथून सुरू करून एकेक प्रश्न विचारत नेते. ओवेन्सचं १९०३ चं ऑटोमॅटिक मशीन आलं आणि बाटलीच्या तळाला एक गोल, वाकडातिकडा, पिसासारखा वण उमटायला लागला, हे असं सगळं तिथे फोटोसकट. आणि सेट पूर्ण करायचा असेल, पाच पेले आहेत सहावा हवाय, तर रिप्लेसमेंट्स नावाची नॉर्थ कॅरोलायनातली कंपनी १९८१ पासून हेच करते, फोटो पाठवला तर पॅटर्नचं नाव शोधून द्यायला मदत करते. पॅटर्नचं नाव एकदा हातात आलं की पुढचं सगळं सर्च सोपं.

म्युझियममध्ये जाता आलं तर जा. इंग्लंडमध्ये स्टोअरब्रिजचं नवीन ग्लास म्युझियम २०२२ ला उघडलं, त्याआधीचं ब्रॉडफील्ड हाउस २०१५ ला बंद झालं होतं. व्हेनिसजवळच्या मुरानो या काचेसाठी प्रसिद्ध बेटावरचं म्युझियम १८६१ पासूनचं. अमेरिकेत टोलिडोच्या म्युझियममध्ये काचेचं स्वतंत्र दालन आहे, लंडनला व्ही अँड ए, म्हणजे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, फिनलंडला रिहिमाकी. जाणं होत नसेल तर यातल्या पुष्कळांचे संग्रह ऑनलाइन शोधता येतात, आणि म्युझियमच्या नोंदीत मापं असतात, ती तुमच्याशी ताडून बघा.

सोशल मीडियावरच्या ग्रुपबद्दल माझं मत जरा कडू आहे. पटकन उत्तर येतं हे खरं, पण पहिली तीन उत्तरं अंदाज असतात. रंगीत आणि वाकडंतिकडं काही दिसलं की कुणीतरी मुरानो म्हणतंच, मग दुसरा त्याला लाइक देतो, आणि संध्याकाळपर्यंत ते मुरानो होऊन जातं. विचारा जरूर, पण उत्तर देणाऱ्याला एक प्रश्न करा, 'कशावरून?' कॅटलॉगचं पान, म्युझियमची नोंद, लेबल असलेला दुसरा पीस, यातलं काही दाखवलं तर ऐका.

यूव्ही टॉर्चचं पण तसंच. घ्या, छोटी असते, ३६५ नॅनोमीटरची घ्या, ३९५ ची चालते पण तिचा जांभळा उजेड इतका असतो की फिकी चमक त्यात बुडते. अंधारात युरेनियमची काच अशी हिरवी पेटते की पहिल्यांदा बघताना तोंडातून शब्द फुटत नाही. पण मँगनीज असलेली काचसुद्धा मंद हिरवट चमकते आणि लोक तिला युरेनियम म्हणून विकतात, आणि कॅडमियम असलेली पिवळी-नारिंगी चमकते. बरं, युरेनियम निघालं म्हणून काच जुनी ठरते का, तर तेही नाही. अमेरिकेत १९४३ ते १९५८ काच कारखान्यांना युरेनियम मिळत नव्हतं, नंतर परत मिळायला लागलं, आणि आजही अशी काच बनते. टॉर्चने काचेत काय आहे ते कळतं, कधीची आहे ते नाही. (कपाटात ठेवायला काही भीती नाही, रोज त्यातून प्यायला मात्र मी नाही वापरत.)

क्लबच्या वार्षिक संमेलनाला जाता आलं तर एक गोष्ट नक्की करा, विक्रीच्या टेबलांकडे धावण्याआधी प्रदर्शनाच्या टेबलापाशी थांबा. तिथे अस्सल आणि नक्कल शेजारी शेजारी मांडलेली असतात, आणि हात लावायची परवानगी असेल तर दोन्ही उचलून बघा, वजन, काठाची धार, नक्षीच्या कडा. नकलेत नक्षी बऱ्याचदा मऊ वाटते, साबण थोडा झिजल्यासारखी. जेनेट कंपनीच्या चेरी ब्लॉसम पॅटर्नच्या नकला १९७३ पासून निघतायत, त्यातली पानं आणि चेरीच्या देठाच्या रेषा जुन्याशेजारी ठेवल्या की फरक दिसतो, एकटी बघितली तर काही कळत नाही. दोन हात, दोन पीस, यासारखी शिकवणी नाही. भांडं उचलायचं ते दोन्ही हातांनी, कानाला किंवा देठाला धरून नाही, आणि अंगठ्या काढून. आणि उचलण्याआधी विचारायचं.

धुण्याबद्दल क्लबात भांडणं होतात त्यामुळे थोडक्यात. डिशवॉशर कधीच नाही, काच कायमची पांढुरकी होते आणि ती धूसरता कुठल्याही पावडरने जात नाही. प्लास्टिकच्या टबात, खाली टॉवेल, कोमट पाणी, नळाची तोटी बाजूला. सोनेरी काठ किंवा कार्निव्हलची चमक असेल तर व्हिनेगर, लिंबूसत्त्व, घासणी सगळं लांब. डिकँटरचं, म्हणजे दारूच्या काचेच्या सुरईचं, बूच अडकलं तर पिरगळू नका, फटीत तेलाचे दोन थेंब सोडून रात्रभर ठेवा. आणि काच रडल्यासारखी ओलसर, चिकट लागत असेल, आत बारीक जाळीसारखे तडे दिसत असतील तर तो काचेचा आजार आहे, मूळ मिश्रणातच क्षार जास्त आणि चुना कमी पडलेला असतो. तिला कोरड्या, हवेशीर जागी वेगळी ठेवा आणि म्युझियमच्या लोकांना विचारा, घरगुती उपाय नको.

शेवटचं काम कंटाळवाणं आहे पण क्लबात नवीन आलेल्या प्रत्येकाला हेच सांगतात, नोंद ठेवा. साधी वही किंवा स्प्रेडशीट. नंबर, काय आहे, मापं, कुठून आलं, कुठे टवका, आणि एक रकाना 'कोण म्हणालं आणि कशावरून'. हा रकाना नसेल तर पाच वर्षांनी तुम्हालाच आठवत नाही की हे फेडरलचं आहे असं तुम्ही कुठल्या आधारावर ठरवलं होतं. नंबरचा स्टिकर काचेवर चिकटवू नका, डिंक उतरत नाही आणि चमकीच्या काचेवर तर डाग पडतो, दोऱ्याने बांधलेली कागदी चिठ्ठी किंवा आत ठेवलेला तुकडा पुरतो. आणि चुकलेली नोंद खोडू नका, एक रेघ मारा आणि पुढे लिहा. माझ्या वहीत त्या मधाळ प्लेटसमोर '१९३० चं दशक' वर रेघ आहे, पुढे '१९७६, वेलबुट्टीत आकडे आहेत, बाजूने दिवा धरला की दिसतात', आणि त्या मीटिंगची तारीख.